सहा कुप्या: मे २०२१ मधल्या एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आमच्या रुग्णालयाच्या औषधखिडकीशी पंचविशीतला एक मुलगा आला. काखेत थर्माकोलचा डबा, मास्क हनुवटीवर घसरलेला, पायांत धूळ. तीन जिल्हे फिरून आला होता.

"मॅडम, मिळाली. सहाच्या सहा मिळाली."

डबा उघडला. बर्फाच्या पिशव्यांमध्ये सहा कुप्या नीट ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीवर अ‍ॅम्फोटेरिसिन-बी, ५० मि.ग्रॅ. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरही तेच: 'इंजे. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी ३०० मि.ग्रॅ., रोज एकदा'. सहा गुणिले पन्नास, तीनशे. हिशेब चोख होता. औषधाचं नाव बरोबर, ताकद बरोबर, मुदतही बरोबर. ही सहा इंजेक्शनं तशीच वर गेली असती आणि चिठ्ठीप्रमाणे त्याच्या काकांना टोचली गेली असती, तर सकाळपर्यंत त्यांचं हृदय बंद पडू शकलं असतं.

त्या रात्रीचं हे टिपण मी आमच्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवलं होतं. नॅनोतंत्रज्ञानाचा तास घेताना फळ्यावर गोल काढून 'कण शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान' असं लिहिलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. या सहा कुप्या ती विसरत नाहीत. म्हणून थोडं विस्तारानं.

रुग्ण

पन्नाशीतले शेतकरी, वजन ६० किलो, आठ वर्षांपासून मधुमेह. एप्रिलमध्ये कोविड झाला, प्राणवायू लागला, स्टेरॉइड दिली गेली, ती वाचवणारी होती. घरी आल्यावर मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त दिवस चालू राहिल्या आणि साखर कुणी मोजली नाही. तिसऱ्या आठवड्यात डावा गाल बधिर झाला, वरच्या दाढा हलायला लागल्या, डोळ्याखाली सूज आली. दातांच्या डॉक्टरांनी टाळूवरचा काळा डाग पाहिला आणि दात न काढता सरळ आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या त्या पाच मिनिटांच्या निर्णयाला या सगळ्या हकिकतीत फार मोलाची जागा आहे.

नाकातला तुकडा काढून पोटॅशच्या द्रावणात पाहिला तेव्हा रुंद, फितीसारखे, आडव्या भिंती नसलेले आणि काटकोनात फुटणारे तंतू दिसले. म्युकर, म्हणजे म्युकरमायकोसिसची बुरशी. त्या उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलींना हे तंतू ओळखायला दोन सेकंद पुरायचे.

'काळी बुरशी' हे नाव वर्तमानपत्रांनी रूढ केलं, पण ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिनीत शिरते, आत गुठळी होते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथलं मांस मरून काळं पडतं. नावाची ही चूक उपचाराच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. जिथे रक्त जात नाही तिथे शिरेतून दिलेलं औषधही जात नाही. त्यामुळे मेलेला भाग कापून काढावाच लागतो, आणि औषध उरलेल्या जिवंत भागाची राखण करतं. दोन्हींपैकी एक सोडून चालत नाही. शिवाय सगळी बुरशीविरोधी औषधं इथे लागू पडत नाहीत. व्होरिकोनॅझोल म्युकरवर निरुपयोगी आहे. पहिलं हत्यार अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हेच.

पण कुठलं अ‍ॅम्फोटेरिसिन-बी?

एक रेणू, दोन स्वभाव

बाजारात या एका औषधाची एकाहून अधिक रूपं आहेत. आम्ही बोलताना 'प्लेन' आणि 'लायपोसोमल' म्हणतो. लिपिड कॉम्प्लेक्स (मेदाशी जोडलेलं) आणि इमल्शन (मेदाच्या थेंबांत मिसळलेलं) ही आणखी दोन. सगळ्यांत औषधाचा रेणू तोच असतो. तो स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस नावाच्या जिवाणूपासून मिळतो. हा जिवाणू व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत १९५० च्या दशकात सापडला. रेणू आम्लासारखाही वागतो आणि अल्कलीसारखाही, म्हणून नावात 'अ‍ॅम्फो'. पाण्यात मात्र तो विरघळत नाही, आणि त्याची सगळी कहाणी या एका अडचणीभोवती फिरते.

पहिला उपाय १९५० च्या दशकाअखेर निघाला: पित्तातल्या डीऑक्सिकोलेट या क्षाराबरोबर औषध मिसळायचं. साबण जसा तेलाला पाण्यात धरून ठेवतो तसा हा क्षार औषधाला धरतो. हेच प्लेन. मुलाच्या डब्यात ते होतं.

हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला घट्ट चिकटतं. आवरणाला गळती लागते, आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, एर्गोस्टेरॉलही ओढून काढलं जातं आणि पेशी मरते. आपल्या पेशींत एर्गोस्टेरॉल नसतं. त्या जागी त्याचं भावंड असतं, कोलेस्टेरॉल. औषध त्यालाही चिकटतं, थोडं कमी जोरानं. मात्रा जरा वाढली की हा फरक पुरत नाही. सर्वांत आधी भोगावं लागतं ते मूत्रपिंडाला: तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, नलिकांना इजा होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात साठणारा पदार्थ) चढतं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातात. म्हणून प्लेनची मात्रा किलोमागे साधारण १ मि.ग्रॅ., आणि १.५ मि.ग्रॅ.च्या वर कधीच नाही. त्यापलीकडे हृदय आणि श्वास बंद पडू शकतात. हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत, ठळक छापलेला असतो.

लायपोसोमलमध्ये तोच रेणू मेदाच्या एका सूक्ष्म पिशवीच्या, म्हणजे लायपोसोमच्या, भिंतीत बसवलेला असतो. पिशवीचा व्यास सुमारे ८० नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड, म्हणजे केसाच्या जाडीत अशा हजार पिशव्या ओळीनं मावतील. भिंतीत तीन घटक: सोयाबीनच्या लेसिथिनपासून बनवलेलं फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल, आणि डीएसपीजी नावाचं ऋणभार असलेलं आणखी एक फॉस्फोलिपिड. औषधाच्या साखरेसारख्या टोकावर धनभार असतो, डीएसपीजीवर ऋण. दोघं एकमेकांना धरतात. कोलेस्टेरॉलही औषधाला चिकटून राहतं. ज्या चिकटण्यामुळे आपल्या पेशींना त्रास होतो, त्याच चिकटण्याचा इथे दोर म्हणून वापर केला आहे. ही युक्ती मला दर वेळी नव्यानं आवडते.

ही पिशवी रक्तात सहज फुटत नाही. तिच्या आकारामुळे ती मूत्रपिंडाच्या गाळणीतून खाली उतरत नाही. रक्तात सुटं औषध फार थोडं राहतं. बुरशीच्या भिंतीशी पोहोचल्यावर मात्र औषधाला कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त ओढ असलेलं एर्गोस्टेरॉल समोर असतं. तिथे पिशवी मोडते आणि औषध त्या बाजूला जातं.

प्लेनमधलं औषधही क्षाराच्या सूक्ष्म पुंजक्यांतच असतं, म्हणजे नुसतं लहान असणं इथेही आहे. पण रक्तात पातळ होताच ते पुंजके विखुरतात आणि औषध मोकळं सुटतं. त्यामुळे 'नॅनो' शब्द ऐकून फक्त आकारावर लक्ष देऊ नका, असं मी मुलांना सांगते. पिशवी किती वेळ धरून ठेवते आणि कुठे सोडते, ते विचारा.

याचा परिणाम मोजलेला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ताप न उतरणाऱ्या ६८७ कर्करोग व तत्सम रुग्णांमध्ये दोन्ही रूपांची तुलना झाली. यश जवळजवळ सारखं: लायपोसोमल ५० टक्के, प्लेन ४९ टक्के. मूत्रपिंडाची इजा मात्र १९ टक्के विरुद्ध ३४ टक्के. हे आकडे प्रामाणिकपणे वाचायला हवेत. पिशवीनं औषधाला जास्त मारक बनवलं नाही. तिनं माणसाला ते सोसेल असं केलं. सोसतं म्हणूनच म्युकरमध्ये किलोमागे ५ मि.ग्रॅ. देता येतं आणि मेंदूपर्यंत पसरलं असेल तर १० पर्यंत जाता येतं.

साठ किलोला पाचनं गुणा: तीनशे. चिठ्ठीवरचे तीनशे लायपोसोमलचे होते. तो शब्द चिठ्ठीवर नव्हता. लिहिणारा निवासी डॉक्टर छत्तीस तास जागा होता, त्याच्या वॉर्डात महिनाभर दुसरं काही लिहिलंच जात नव्हतं आणि 'अ‍ॅम्फो' म्हणजे लायपोसोमल हे सगळ्यांनी मनात धरलं होतं. बाहेर दुकानात हा मुलगा चिठ्ठी दाखवत फिरला. दुकानदारानं चिठ्ठीवर होतं तेच दिलं.

त्या रात्री

माझंही श्रेय फार नाही. डबा उघडल्यावर मी कुप्या मोजल्या, मुदत पाहिली आणि नोंदवहीत चढवायला घेतल्या. थांबले ते किमतीमुळे. "किती पडले रे?" म्हणून सहज विचारलं. त्यानं सांगितलेली रक्कम प्लेनच्या मानानं जास्त होती, पण लायपोसोमलच्या मानानं फारच कमी. त्या दिवसांत लायपोसोमलची एक कुपी सहा-सात हजारांना जात होती. तेव्हा कुठे मी लेबल उजेडात धरून पूर्ण वाचलं.

किमतीवरून चूक सापडावी, ही पद्धत नव्हे. त्या रात्री तसं झालं, एवढंच.

कुपी फोडल्यावरही ओळखता येतं, आणि हे परिचारिकांना शिकवायलाच हवं. प्लेनमध्ये १० मि.लि. निर्जंतुक पाणी घातलं की पिवळं, आरपार दिसणारं द्रावण होतं. लायपोसोमलमध्ये १२ मि.लि. पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवलं की पिवळसर, धुरकट, किंचित दुधाळ द्रव तयार होतो, कारण ऐंशी नॅनोमीटरच्या असंख्य पिशव्या उजेड विखरतात. डोळ्यांनी पिशवी दिसत नाही, तिनं विखुरलेला उजेड दिसतो. दोन्ही रूपं सलाइनमध्ये घालायची नाहीत, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. मिठाच्या पाण्यात औषध साका धरून खाली बसतं.

मी वर वॉर्डात फोन केला. सिस्टरनी निवासी डॉक्टरला उठवलं, तो धावत खाली आला आणि चिठ्ठी पाहून मटकन बाकावर बसला. मुलाला काही कळेना.

"चुकीचं आणलं का मी?"

"नाही रे बाळा. औषध तेच आहे. पण हे एका दिवसाचं नाही, पाच दिवसांचं आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून आपसूक निघालं, आणि ते शब्दशः खरं होतं. किलोमागे १ मि.ग्रॅ. धरलं तर रोज ६० मि.ग्रॅ., पाच दिवसांत ३००. सहा कुप्या. लायपोसोमलचा एक दिवस आणि प्लेनचे पाच दिवस, आकडा एकच.

युनिटच्या सरांना फोन लागला. पर्याय दोन होते. लायपोसोमल येईपर्यंत थांबायचं, किंवा हातात आहे ते योग्य मात्रेत सुरू करायचं. जागतिक मार्गदर्शक सूचनांत म्युकरसाठी लायपोसोमल पहिलं, आणि प्लेन दुसरं काहीच नसेल तेव्हाचं. आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. जिल्ह्याच्या कोट्यातून कुप्या कधी येतील ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि म्युकर एका रात्रीत सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत शिरतं. सर म्हणाले, "सुरू करा. आधी सलाइनची एक बाटली जाऊ द्या, पोटॅशियम बघा, सकाळी क्रिएटिनिन. आणि चिठ्ठी नव्यानं लिहा."

नव्या चिठ्ठीवर डॉक्टरनं रूप लिहिलं, किलोमागची मात्रा लिहिली, एकूण लिहिली. मी खाली सही केली. साठ मि.ग्रॅ. औषध, सहाशे मि.लि. डेक्स्ट्रोज, सहा तास. मधुमेही माणसाच्या शिरेत रोज तीस ग्रॅम साखर जाणार म्हणून इन्सुलिनचा हिशेबही पुन्हा मांडला. पहाटे चारला त्यांना थंडी वाजून ताप भरला. प्लेनमध्ये हे नेहमीचं. सिस्टर त्यांचे पाय दाबत बसल्या होत्या.

तुटवडा नेमका कशाचा होता

त्या महिन्यात सगळे 'औषधाचा तुटवडा' म्हणत होते. शब्द अपुरा होता. अ‍ॅम्फोटेरिसिनचा रेणू बुरशीविरोधी औषधांतला जुना, परिचित रेणू. खरी ओढाताण होती ती त्याच्या पिशवीसाठी.

पिशवी बनते कशी ते पाहा. मेद आणि औषध आधी सेंद्रिय द्रावकात, आम्लधर्मी स्थितीत एकत्र विरघळवतात, मग फवारून कोरडी भुकटी करतात. ती भुकटी साखर घातलेल्या गरम पाण्यात भिजवली की मेद आपोआप थरांच्या गोळ्या धरतो, पण त्या लहानमोठ्या असतात. प्रचंड दाबाखाली अरुंद वाटेतून हे मिश्रण पुन्हा पुन्हा ढकललं की एकसारख्या, एकपदरी, ऐंशी नॅनोमीटरच्या पिशव्या उरतात. भट्टीत घालून निर्जंतुक करता येत नाही, पिशव्या मोडतील. म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या, म्हणजे २२० नॅनोमीटरच्या गाळणीतून गाळतात. मग कुप्यांत भरून गोठवून, हवा काढून सुकवतात. साखर इथे पिशव्यांना एकमेकींत मिसळण्यापासून राखते. शेवटी निर्जंतुकतेची चाचणी: नमुना चौदा दिवस उबवून ठेवायचा आणि काही उगवत नाही याची वाट पाहायची. हे चौदा दिवस कोणत्याही मंत्र्याच्या आदेशानं तेरा होत नाहीत.

२० मे २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना म्युकरमायकोसिस हा साथरोग कायद्याखाली नोंदवण्याजोगा आजार जाहीर करायला सांगितलं. त्याच सुमारास पाच नव्या कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले गेले. त्यांत पुण्याची एमक्युअर होती. आधीपासून बनवणाऱ्यांत भारत सीरम्स, बीडीआर, सन, सिप्ला आणि लाइफकेअर. नव्या पाचांकडून महिन्याला १ लाख ११ हजार कुप्या अपेक्षित होत्या, पण जुलैपासून. परवाना मेमध्ये, कुपी जुलैमध्ये. मधलं अंतर पिशवीनं घेतलेलं.

वर्ध्यात जेनेटेक लाइफसायन्सेसनं मेअखेर इमल्शन रूपातलं इंजेक्शन बनवायला सुरुवात केली, किंमत १,२०० रुपयांच्या आसपास. त्या बातमीनं आमच्या वॉर्डात अक्षरशः टाळ्या वाजल्या होत्या. पण इमल्शन हेही वेगळं रूप, त्याच्या मात्रेचा विचार वेगळा, हे नातेवाइकांना समजावताना घसा बसायचा.

आणि मेद? औषधी दर्जाची ही फॉस्फोलिपिडं बनवणारे कारखाने जगात मोजके. मुंबईच्या व्हीएव्ही लाइफ सायन्सेसनं त्या वेळी आपलं उत्पादन वाढवलं, बाकी भिस्त आयातीवर. मला राहून राहून लातूरचा सोयाबीनचा बाजार आठवायचा. सोयाबीनचं कच्चं तेल शुद्ध करताना जो चिकट गाळ निघतो त्यात लेसिथिन असतं, आणि पिशवीच्या भिंतीचं मूळ तेच. मराठवाड्यातल्या त्या रुग्णाच्या स्वतःच्या शेतात सोयाबीनच होतं. शेतापासून कुपीपर्यंतच्या मधल्या बहुतेक पायऱ्या, शुद्धीकरण, हायड्रोजन चढवणं, ग्रॅमाग्रॅमाची तपासणी, दुसऱ्याच कुणाच्या तरी देशात.

आता साधा गुणाकार. साठ किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, तीन आठवडे: १२६. केंद्र सरकारनं मेसाठी अपेक्षित धरलेलं देशी उत्पादन १,६३,७५२ कुप्या आणि आयात ३ लाख ६३ हजार. मिळून सव्वापाच लाखांच्या वर. आकडा दणदणीत वाटतो. १२६ नं भागा: सुमारे ४,१८० माणसांचा पूर्ण उपचार. जुलैच्या मध्यापर्यंत देशात नोंदलेले रुग्ण ४५ हजारांच्या पुढे गेले होते आणि महाराष्ट्रात ते सर्वाधिक होते. प्रत्येकाला तीन आठवडे पूर्ण मात्रा लागली असं नाही, हे मान्य. तरीही खिडकीशी रोज रात्री रांग का होती ते या भागाकारात दिसतं.

पैशांचाही तोच गुणाकार. सहा कुप्या, सात हजारांनी बेचाळीस हजार रुपये रोज. राज्य सरकारनं म्युकरचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केला, १२ जूनला जीएसटी परिषदेनं या औषधावरचा कर शून्य केला. दोन्ही निर्णय चांगले, आणि त्यांचा आधार खरा होता. पण तोवर किती घरांनी बैल विकले, सोनं मोडलं, ते आम्ही खिडकीच्या अलीकडून पाहत होतो.

पिशवीची जुनी ओळख

हे तंत्र आपल्याला अगदी नवखं होतं, असं मात्र नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातल्या डॉ. बी. के. बच्छावत यांच्या गटाबरोबर, भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित करून रुग्णांवर तपासलं. फंगिसोम या नावानं ते बाजारात आलं. त्याची एक खासियत: देण्याआधी कुपी ध्वनिलहरींच्या पाण्यात पाऊण तास ठेवायची, मग पिशव्या हव्या त्या आकाराला येतात. म्हणजे कारखान्यातलं शेवटचं काम रुग्णालयात. आमच्या जुन्या स्टोअरमध्ये ते यंत्र होतं. धूळ झटकून त्या उन्हाळ्यात आम्ही ते पुन्हा सुरू केलं.

आणि काळा आजार, म्हणजे कालाझार; काळ्या बुरशीशी त्याचा संबंध नाही. या रोगाचा परजीवी यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या पोटात लपतो. भक्षक पेशी रक्तातले परके कण गिळतात, लायपोसोमही गिळतात. कर्करोगाच्या औषधांत हीच डोकेदुखी असते: पिशवी गाठीपर्यंत पोहोचण्याआधी यकृतात खाल्ली जाते. काळ्या आजारात मात्र शत्रू तिथेच बसलेला. पिशवी गिळली गेली की औषध बरोबर त्याच्या घरात. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला डॉ. श्याम सुंदर यांच्या गटानं किलोमागे १० मि.ग्रॅ.ची एकच मात्रा देऊन पाहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सहा महिन्यांनी ९५.७ टक्के रुग्ण बरे होते, प्लेनच्या महिनाभराच्या उपचारात ९६.३. महिनाभराची खाट एका दिवसावर आली.

त्या यशानंतर, २०११ च्या करारानुसार गिलियड कंपनीनं जागतिक आरोग्य संघटनेला पाच वर्षांसाठी ४ लाख ४५ हजार कुप्या दान दिल्या. अनेक देशांतल्या काळ्या आजाराला, पाच वर्षं. त्याहून जास्त कुप्यांची सोय भारताला मे २०२१ या एका महिन्यात करावी लागत होती. आमच्या विद्यार्थ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डावा वरचा जबडा, टाळूचा अर्धा भाग आणि सायनस काढावे लागले. डोळा वाचला, कारण खोबणीच्या हाडापर्यंत बुरशी आली होती, आत नव्हती.

क्रिएटिनिन पहिल्या दिवशी ०.९. तिसऱ्या दिवशी १.४. चौथ्या दिवशी १.८, पोटॅशियम २.९. पाचव्या दिवशी प्लेन थांबवलं. मूत्रपिंडानं चार दिवस सोसलं, आणि त्या चार दिवसांत शस्त्रक्रिया होऊन गेली. त्याच संध्याकाळी कोट्यातून लायपोसोमलच्या कुप्या आल्या. सहा मागितल्या होत्या, चार मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सहा, मग एक दिवस तीन. मात्रा कमीजास्त होत राहिली. पाठ्यपुस्तकात असं वेळापत्रक नसतं, आणि मला त्याबद्दल आजही वाईट वाटतं. अठरा दिवसांनी क्रिएटिनिन १.२ वर स्थिरावलं, ताज्या तुकड्यात तंतू दिसले नाहीत, आणि पोसाकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्यांवर ते घरी गेले. टाळूच्या भोकाला दंतविभागानं कृत्रिम झाकण करून दिलं. ते घातलं की शब्द स्पष्ट येतात, काढलं की नाकातून.

आमच्या खिडकीवर त्या रात्रीनंतर तीन बदल झाले. चिठ्ठीवर रूप आणि किलोमागची मात्रा नसेल तर औषध निघत नाही. प्लेन आणि लायपोसोमल वेगळ्या फ्रिजमध्ये, प्लेनच्या खणावर लाल पट्टी: '१.५ च्या वर थांबा'. आणि कुपी फोडल्यावर सिस्टर द्रावण उजेडात धरून मोठ्यानं म्हणतात, 'आरपार' किंवा 'धुरकट', दुसरी सिस्टर चिठ्ठी वाचते. निवासी डॉक्टरवर कारवाई झाली नाही. मीच तशी विनंती केली होती. त्याला आधी झोप हवी होती.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या पहिल्या जेनेरिकला मान्यता दिली. ते सन फार्माचं, मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचं. मूळ औषधाला तिथे १९९७ मध्ये मान्यता मिळाली होती. हुबेहूब तशी पिशवी दुसऱ्याकडून सिद्ध व्हायला चोवीस वर्षं लागली.

डिस्चार्जच्या दिवशी मुलगा पुन्हा खिडकीशी आला. सहातल्या पाच कुप्या फोडल्या गेल्या होत्या, सहावी त्याच्या नावानं फ्रिजमध्ये होती. ती मी परत द्यायला काढली. त्यानं हातात घेऊन लेबल वाचलं, या वेळी सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.

"ही कुणाला चालेल का मॅडम? नऊ नंबरच्या आजींकडे आज नाहीत म्हणाले."

आजींचं वजन ४४ किलो होतं. मी लाल पेनानं कुपीवर चिकटपट्टी लावून लिहिलं: प्लेन, ४४ मि.ग्रॅ., आणि वर पाठवून दिली.